एजंटच्या टेबलापाशी मुलगीही होती

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही अकरा वर्षं तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहतोय. नवरा आयटीत आहे. मी डिपेंडंट व्हिसावर, आठवड्यातले काही तास एका बेंतोच्या (जेवणाच्या तयार डब्यांच्या) दुकानात काम करते. मुलगी इथेच जन्मली, जपानी सरकारी शाळेत पाचवीत आहे. घर लहान पडतं म्हणून मागच्या महिन्यात दुसऱ्या भागात भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो. एजंटने आमच्यासमोरच मालकाला फोन लावला, घर हवं असणारे परदेशी आहेत असं सांगितलं आणि दोन मिनिटांत फोन ठेवून मान लववून माफी मागितली. मुलगी बरोबरच होती. अजूनही ट्रेनमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. अजूनही चॉपस्टिक छान धरता म्हणून कौतुक होतं. २०२५ च्या निवडणुकीत स्टेशनबाहेर भोंग्यावरून ‘जपानी आधी’ ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

दुसरं म्हणजे, परवा शाळेत पालकांनी वर्ग बघायला जायचा दिवस होता. आदल्या रात्री मुलगी म्हणाली, “आई, तिथे मराठीत बोलू नकोस. आणि तो पिवळा ड्रेस नको.” मला रात्रभर झोप नाही. नवऱ्याला पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घ्यायचाय, घर विकत घ्यायचंय. सासू-सासरे सांगलीत दोघंच आहेत. आपण कधी इथले होणार आहोत का? होणार नसू, तर आताच परत यावं का?

– एक वाचक, निशी-कासाई

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी ‘दुसरं म्हणजे’ या शब्दांपाशी थांबले. फ्लॅटचा प्रसंग त्याच्या वर आहे, मुलीचं बोलणं त्याच्या खाली. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. एजंटच्या टेबलापाशी तुम्ही तिघं बसला होतात. फोनवर काय चाललंय ते त्या तिघांत सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल? मालकाचा उतरलेला सूर, ‘ते जरा...’ म्हणून अर्धवट सोडलेलं वाक्य, एजंटने हळू केलेला आवाज, हे सगळं तिला जन्मापासून येतं. तुम्हाला माफी ऐकून नकार कळला, तिला तो त्याच्या आधीच कळला होता. आणि महिन्याभरात तिने तुम्हाला सांगितलं, मराठी बोलू नकोस, पिवळा ड्रेस घालू नकोस. आपल्या घराला नाही म्हणतात ते आपण वेगळे दिसतो म्हणून, हे तिच्या लक्षात आलंय. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला त्यावर जो उपाय सुचला, तो तिने केला. तिला तुमची लाज वाटते असं मला वाटत नाही. ती तुम्हाला सांभाळायला बघतेय.

त्या दिवशी घरी येताना तुम्ही काय बोललात ते पत्रात नाही. बहुतेक विषय बदलला असेल, कुठेतरी थांबून तिला आइस्क्रीम घेऊन दिलं असेल. मुलांसमोर नको, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. पण ती तिथे होती, तिने ऐकलं, आणि घरातलं कुणीच त्यावर बोललं नाही. मग तिने आपला आपण अर्थ लावला. म्हणून पहिलं काम हे करा. या शनिवारी-रविवारी तिला जवळ घेऊन सांगा: “त्या दिवशी त्या माणसाने आपल्याला घर दिलं नाही. तो चुकला. आपलं काही चुकलं नव्हतं. आईबाबांना वाईट वाटलं आणि रागही आला. आता आपण दुसरं घर शोधतोय.” एवढं बास. त्यावर मोठं व्याख्यान नको, आणि ‘जपानी लोक असेच’ हे तर मुळीच नको. तिची जिवाभावाची मैत्रीण जपानीच असणार. एका घरमालकापायी तिला बाजू निवडायला लावू नका.

तुम्ही दोघांनीही मनाशी धरून ठेवावी अशी एक गोष्ट सांगते. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची एक मोठी पाहणी करून २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. घर शोधलेल्यांपैकी ३९ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. म्हणजे तुमचा कुर्ता, तुमचे उच्चार, तुमच्या स्वयंपाकाचा वास यांत काही शोधत बसू नका. कायद्याची बाजू इथे लंगडी आहे, हेही खरं. २०१६ मध्ये द्वेषपूर्ण भाषणांविरुद्ध कायदा झाला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. घर नाकारण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदाही नाही. तरी कोर्टाने नुकसानभरपाई द्यायला लावल्याची उदाहरणं आहेत. हामामात्सु शहरातल्या एका दागिन्यांच्या दुकानातून ब्राझीलच्या एका महिला पत्रकाराला परदेशी म्हणून बाहेर काढलं होतं. ती कोर्टात गेली आणि १९९९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तुम्ही कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण तोक्योत योत्सुयाला परदेशी रहिवाशांसाठी फ्रेस्क नावाचं सरकारी मदत केंद्र आहे. व्हिसाच्या प्रश्नांपासून कायदेशीर सल्ल्यापर्यंत बरीच खाती तिथे एका छताखाली आहेत. झालेला प्रकार तिथे जाऊन सांगा. गप्प राहिलात तर तो कुठेच मोजला जाणार नाही.

घराचं म्हणाल तर खासगी मालकांच्या दारात ताटकळण्याआधी यूआर या निमसरकारी संस्थेची भाड्याची घरं बघा. तुमच्या भागातली बरीच मराठी मंडळी तिथेच का राहतात ते तुम्हाला ठाऊक असेलच: जामीनदार लागत नाही, मालकाला ‘भेट’ म्हणून द्यायची ती रक्कम नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे नाहीत, उत्पन्नाची अट पुरी केली की झालं. याशिवाय २०१७ पासून ‘सेफ्टी नेट’ घरांची सरकारी नोंदणी आहे. ज्यांना सहसा नाकारलं जातं अशा लोकांना नाकारणार नाही, असं म्हणून मालक त्यात घर नोंदवतात. वॉर्ड ऑफिसात विचारा. एजंटकडे जाल तेव्हा आत शिरतानाच सांगा, “परदेशी भाडेकरू चालतात अशीच घरं दाखवा.” तुमच्यासमोर फोन लावायची वेळच येता कामा नये. आणि अशा कामाला मुलीला नेऊ नका, दुभाषी म्हणून तर अजिबात नको. डॉक्टर, बँक, शाळेची पत्रकं, घरमालक, इतकं सगळं मुलांच्या डोक्यावर टाकणारी घरं मी इथे पाहिली आहेत. पोर हुशार म्हणून आपण कौतुक करतो, आणि आपण ऐकायला नको ते सगळं ती आधी ऐकते. तुमचं जपानी दुकानात काम करण्याइतकं चांगलं आहे. कुठे अडलंच तर फोनवरचं भाषांतर वापरा, शेजारणीला विचारा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, इथले कधी होणार? मला स्पष्टच बोलू द्या. कोरिया जपानची वसाहत होती तेव्हापासून या देशात तीन-चार पिढ्या काढलेली कोरियन कुटुंबं आहेत. १९५२ मध्ये महायुद्धानंतरचा सॅन फ्रान्सिस्को शांतता करार लागू झाला आणि त्यांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. त्यांची नातवंडं घरातही जपानीच बोलतात, दिसायला कुणाहून वेगळी नाहीत. तरीही नावावरून घर नाकारलं गेल्याचे अनुभव त्यांच्यात आहेत. याचा अर्थ एवढाच की कितीही हळू बोललात, कितीही फिके कपडे घातलेत, तरी अमुक दिवशी अख्खा देश तुम्हाला आपलं म्हणेल अशी रेघ कुठे आखलेली नाही. त्या रेघेची वाट बघत अकरा वर्षं गेली, आता पुरे. तळ्यात-मळ्यात करत राहण्यातच माणूस जास्त दमतो. अख्ख्या समाजाने स्वीकारण्याची वाट न बघता दोन गोष्टी मिळवता येतात. एक म्हणजे पक्के कागद, दुसरी म्हणजे तुम्हाला नावाने ओळखणारी दहा-पंधरा माणसं. त्यांच्यावर इथे उत्तम आयुष्य काढलेली माणसं मी रोज बघते.

आधी कागद. नवऱ्याला पीआर हवाय असं तुम्ही लिहिलंत, तुम्हाला हवाय का ते लिहिलं नाहीत. माझ्या मते तो त्यांच्याहून तुम्हाला जास्त हवा. तुम्ही डिपेंडंट आहात, म्हणजे आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचं इथलं असणंच त्यांच्या व्हिसाला टांगलेलं आहे. उद्या त्यांची नोकरी गेली, किंवा देव न करो त्यांचं काही बरंवाईट झालं, तर अकरा वर्षं इथे घालवलेल्या बाईला सामान बांधावं लागू शकतं. पीआर तुमच्या स्वतःच्या नावावर असतो. मग हवं ते काम हवे तितके तास करा. घरकर्जासाठीही बहुतेक बँका तोच मागतात.

सर्वसाधारण अट सलग दहा वर्षांच्या वास्तव्याची आहे, त्यातली पाच वर्षं कामाच्या व्हिसावर. कुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत (शिक्षण, पगार, वय यांवर गुण मिळतात) ७० गुण असतील तर तीन वर्षांत आणि ८० असतील तर एका वर्षातही अर्ज करता येतो. तुमच्या यजमानांची दहा वर्षं झालेली दिसतात, आणि पीआरधारकाच्या पत्नीसाठी वास्तव्याची अट बरीच सैल आहे. लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. नोकरी बदलताना मधे महिना-दोन महिने रिकामे गेले असतील तर त्या काळाचं पेन्शन आणि आरोग्य विमा आपला आपण भरायचा असतो. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. नंतर भरलं तरी मुदतीनंतर भरल्याची नोंद राहते आणि इमिग्रेशनवाले नेमकी तीच बघतात. म्हणून अर्जाआधी पेन्शन कार्यालयातून नोंदी काढा, रहिवासी कराच्या पावत्या लावून ठेवा. अर्ज केल्यावर वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबायची तयारी ठेवा. २०२४ मध्ये कायद्यात बदल झालाय, त्यानुसार मुद्दाम कर बुडवला तर मिळालेला पीआरही काढून घेता येणार आहे. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते तुम्ही भोंग्यावर ऐकलंच आहे. म्हणूनच उशीर करू नका.

नागरिकत्वाची घाई मात्र मी करणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, जपानचा पासपोर्ट घेतला की भारताचा गेला. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळतं, पण सांगलीत मतदान करता येत नाही. पीआरवर जपानमध्येही मत नाही, आणि कुणाला तेच हवं असेल तर नागरिकत्व घ्यावं. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले आणि २०१९ मध्ये तुमच्याच एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले. ते त्यांनी विचार करून उचललेलं पाऊल होतं. तुमच्या पत्रातून तशी ओढ दिसत नाही. मुलगी अठराची झाली की तिचं ती ठरवेल. इथे जन्मलेल्यांसाठी वास्तव्याची अट कायद्यातच थोडी शिथिल आहे.

आणि घर विकत घेताना एक कराच. वॉर्डाचा पुराचा नकाशा आधी बघा. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने स्वतःच नकाशावर छापलं होतं की मोठ्या पुरात इथे थांबू नका.

आता माणसं. मार्च २०११ मध्ये मी कावासाकीत राहत होते. ११ तारखेला दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला, गाड्या बंद पडल्या, नवरा ऑफिसात अडकला. संध्याकाळी दूध तापवायला गेले तर गॅस बंद. मला वाटलं पाइप फुटला. इतक्यात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई टॉर्च घेऊन वर आल्या. तोवर त्यांच्याशी ‘नमस्कार, आज थंडी आहे’ यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. त्यांनी दाराशेजारच्या कपाटातला गॅसचा मीटर उघडला, काळं टोपण फिरवून काढलं, आतलं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. तीन मिनिटं थांबायचं, असं त्यांनी बोटांनी दाखवलं. आम्ही दोघी त्या अंधाऱ्या जिन्यात दिव्याकडे बघत उभ्या राहिलो. दिवा विझला, तशा त्या म्हणाल्या, “आता पेटवा.” गॅस पेटला. मोठ्या धक्क्यानंतर मीटर आपोआप बंद होतो आणि तो असा सुरू करायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या माझ्याकडे का आल्या? सप्टेंबरमध्ये इमारतीची आपत्ती-सरावाची सकाळ असायची. मी मूल कडेवर घेऊन तिथे गेले होते, पाण्याच्या बादल्या पुढे द्यायच्या रांगेत उभी राहिले होते. वरच्या मजल्यावर लहान मूल असलेली परदेशी बाई राहते, हे त्यांच्या डोक्यात तिथे बसलं. पुढेही आमच्या गप्पा फारशा वाढल्या नाहीत. कचऱ्याच्या दिवशी कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून घातलेली जाळी दोघी मिळून उचलायचो, एवढंच. पण त्या इमारतीत मी कोण, असा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही.

म्हणून निशी-कासाईत किंवा जिथे जाल तिथे तीन ठिकाणी तोंड दाखवा: आपत्ती-सराव, वस्तीच्या मंडळाची साफसफाईची सकाळ आणि शाळेची पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ. पीटीएची कामं एप्रिलमध्ये वाटतात. सगळ्या जणी मान खाली घालून बसतात, तेव्हा तुम्ही हात वर करा आणि लिहिण्याचं कमी, हातापायाचं जास्त असं काम घ्या. मुलं रस्ता ओलांडतात तिथे झेंडा घेऊन उभं राहणं, क्रीडादिनाची मदत, असलं काही. निशी-कासाईत आपली माणसं भरपूर आहेत, गणपती होतो, दिवाळी होते, हे मोठंच सुख आहे. पण तेवढ्यात अकरा वर्षं निघून जाऊ शकतात. तुमच्या पत्रात एकाही जपानी बाईचा उल्लेख नाही, हे मला टोचलं. चॉपस्टिकचं कौतुक करणाऱ्यांना ‘तुमच्याकडे वरण कसं करतात ते दाखवते’ म्हणून एकदा घरी बोलवा. कौतुक करण्याशिवाय बोलायचं काय ते त्यांनाही बहुतेक वेळा सुचत नसतं.

गाडीतल्या रिकाम्या जागेचं मनाला लागतं, मला माहीत आहे. त्यावर उपाय नाही. पिशवी ठेवा आणि पुस्तक काढा.

पुढच्या वेळी वर्ग बघायला जाल तेव्हा मुलीचं अर्धं ऐका, अर्धं ऐकू नका. त्या दिवशी जपानी आयाही मागे भिंतीला टेकून गप्प उभ्या असतात. तिथे हळू बोलावं, हाका मारू नयेत, ही तिची मागणी रास्त आहे. त्या वर्गाची रीत तिला ठाऊक आहे. पण पिवळा ड्रेस घाला. तिला आधी सांगा, “मी हळू बोलेन, पण ड्रेस माझा आहे.” आणि घरातलं मराठी तर सोडूच नका. तुमचं कामापुरतं जपानी ऐकत ती मोठी झाली, तर तुमचा विनोद, तुमचा राग, तुमची हुशारी यांतलं काहीच तिला भेटणार नाही. रोज रात्री पंधरा मिनिटं देवनागरी वाचून घ्या. परत जायची वेळ आलीच, तर तेही कामाला येईल.

आणि परतीबद्दल. घरमालकाने नाही म्हटलं म्हणून परत जाऊ नका. सासू-सासऱ्यांसाठी जायचं असेल तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. त्यांना इथे कायमचं आणता येईल या आशेवर राहू नका. ती सवलत मुख्यतः गुणपद्धतीतल्या व्हिसाधारकांना आहे, तीही सात वर्षांखालचं मूल आणि किमान ८० लाख येनचं घरगुती उत्पन्न असेल तर. तुमची मुलगी ते वय ओलांडून गेली. उलट पीआर असेल आणि निघण्याआधी री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) काढलं असेल, तर पाच वर्षांपर्यंत बाहेर राहूनही तो टिकू शकतो. म्हणजे सासूबाई आजारी पडल्या तर वर्षभर सांगलीत राहायची मोकळीक तुम्हाला त्याच कागदाने मिळेल. आज डिपेंडंट व्हिसावर लांबची सुट्टी काढलीत, तर ‘सलग’ वास्तव्य तुटलं असं धरलं जाण्याची भीती आहे. पेन्शनचंही तसंच. दहा वर्षं भरणा झाला असेल तर भारतात राहूनही वयाच्या पासष्टीला इथलं पेन्शन मिळतं. २०१७ पर्यंत ही अट पंचवीस वर्षांची होती.

शाळेचं वेळापत्रक मात्र थांबणार नाही. मुलगी पाचवीत आहे, सहावीनंतरच्या एप्रिलमध्ये तिची माध्यमिक शाळा सुरू होईल. जायचंच असेल तर त्याच्या आत जावं. तिथून पुढे पंधराव्या वर्षीची प्रवेश परीक्षा डोळ्यांपुढे असते आणि मधेच उचललेल्या मुलांचे फार हाल होतात. म्हणजे ठरवायला तुमच्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे. या आठवड्यात सांगलीला फोन करून सासूबाईंनाच विचारा की त्यांना काय हवंय. तुमच्या पत्रात यजमानांचं मत आहे, तुमची भीती आहे. सासू-सासऱ्यांना काय वाटतं ते कुठेच नाही, आणि मुलीला कुठे राहायचंय तेही नाही.

तुमची,
ताई